आज, उद्या आणि परवा

वॉर्सॉच्या जुन्या शहराच्या तटबंदीपाशी एका लहान मुलाचा पुतळा आहे. डोक्यावर मोठ्या माणसाचं हेल्मेट, पार डोळ्यांपर्यंत उतरलेलं. पायात मापाबाहेरचे बूट, गळ्यात सबमशीनगन. १९८३ साली बसवलेल्या या 'छोट्या बंडखोरा'पाशी लोक फुलं ठेवतात, फोटो काढतात. फोटो पाहून पोटात कालवतं. पण हा पुतळा ज्या मुलांची आठवण देतो, त्यांतली कितीतरी मुलं ज्या संघटनेत होती तिचं धोरण नेमकं उलट होतं. एवढ्या लहान मुलाच्या हातात बंदूक द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

ही संघटना म्हणजे पोलंडचे स्काउट. सप्टेंबर १९३९मध्ये नाझी जर्मनीनं पोलंड गिळला. २७ तारखेला, वॉर्सॉ शरण जाण्याच्या आदल्या दिवशी, स्काउट नेत्यांनी भूमिगत व्हायचं ठरवलं. गुप्त नाव घेतलं 'शारे शेरेगी', म्हणजे करड्या रांगा. नाझींनी पोलिश मुलांची हायस्कुलं आणि विद्यापीठं बंद केली होती. पोलिश माणसानं मजुरी करण्यापुरतं शिकावं, असा त्यांचा हिशेब. मग घराघरांत चोरून वर्ग भरू लागले.

स्काउटांचा कार्यक्रम तीन शब्दांचा होता: आज, उद्या, परवा. 'आज' म्हणजे गुप्त प्रतिकार. 'उद्या' म्हणजे उघड लढाई. आणि 'परवा' म्हणजे स्वतंत्र झालेला देश पुन्हा उभा करणं. वयानुसार कामं वाटलेली होती. अठरा वर्षांवरचे हल्ला पथकांत. १ फेब्रुवारी १९४४ रोजी वॉर्सॉचा एसएस प्रमुख फ्रान्झ कुचेरा याला भररस्त्यात मारणारे तरुण याच पथकांतले. पंधरा ते सतरा वर्षांची मुलं भिंतींवर प्रतिकाराची नांगराची खूण रंगवायची, पत्रकं वाटायची, पाळत ठेवायची. आणि बारा ते चौदा वर्षांच्या मुलांचा गट होता 'झाविशा'. ही मुलं 'परवा'साठी राखून ठेवलेली होती. त्यांनी शिकायचं, प्रथमोपचार आणि निरोप पोचवणं जमवायचं, आणि जिवंत राहायचं.

१ ऑगस्ट १९४४ला संध्याकाळी पाच वाजता भूमिगत सेनेनं उठाव केला. सोव्हिएत फौजा व्हिस्चुला नदीच्या पलीकडे येऊन ठेपत होत्या. काही दिवसांत शहर आपल्या ताब्यात येईल, असा अंदाज होता. लढाई चालली ६३ दिवस. स्काउटांच्या मोठ्या मुलांच्या 'झोश्का' बटालियननं ५ ऑगस्टला गेंशुव्का ही छळछावणी जिंकून ३४८ ज्यूंची सुटका केली. त्यातले काहीजण लगेच उठावात सामील झाले.

लहानांनी जे उभारलं ते पाहण्यासारखं आहे. शहराचे तुकडे झाले होते. मुलगा एका वस्तीत अडकलेला, आई दुसऱ्या, आणि मधे जर्मन. अशा वेळी स्काउटांनी पोस्ट ऑफिस सुरू केलं. लिलीच्या फुलाची स्काउटखूण असलेल्या टपालपेट्या रस्तोरस्ती लागल्या. पत्र पाठवायला पैसे लागत नसत. ज्याला द्यायचं असेल त्यानं जखमींसाठी पुस्तक किंवा मलमपट्टीचं कापड द्यावं. नियम एकच कडक: मजकूर २५ शब्दांच्या आत. कारण प्रत्येक पत्र सेन्सॉर व्हायचं, आणि लष्करी माहिती शत्रूच्या हाती पडता कामा नये. आपण ट्विटरवर १४० अक्षरांत बसवायचो ते चातुर्य दाखवायला. इथे २५ शब्दांत एवढंच मावायचं, की मी जिवंत आहे, तू कुठे आहेस?

टपाल वाटणारी पोरं अकरा-बारा ते पंधरा वर्षांची. पडलेल्या भिंतींच्या फटींतून, तळघरांना भोकं पाडून केलेल्या वाटांनी ती फिरायची. पत्त्यावरचं घर जळून गेलेलं असलं, तर माणूस कुठे गेला हे विचारत विचारत शोधायची. रोज हजारो पत्रं हिंडत होती.

पण तोफगोळा वय विचारत नाही. टपाल वाटतानाही मुलं मेली. वेढा आवळत गेला तशी कागदावरची वयाची रेषाही पुसट झाली. विटोल्ड मोडेल्स्की हा निरोप्या लढवय्यांबरोबर राहिला, त्याला शौर्यपदक मिळालं, आणि सप्टेंबरमध्ये तो मारला गेला. वय वर्षं अकरा.

२ ऑक्टोबरला शरणागती झाली. दीड ते दोन लाख नागरिक मेले होते. उरलेल्यांना हाकलून जर्मनांनी शहर पद्धतशीर जाळलं, सुरुंगांनी उडवलं. हा उठाव करायला हवा होता का, यावर पोलंडमध्ये आजही घराघरांत वाद होतात. ते स्वाभाविक आहे. निर्णय मोठ्यांनी घेतला, आणि किंमत मोजणाऱ्यांत सातवी-आठवीतली मुलंही होती.

त्याच काळात त्याच वयाची पोलिश मुलं आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही होती. सोव्हिएत हद्दपारीतून वाचलेल्या सुमारे ५,००० निर्वासितांची ती वसाहत. तिथेही स्काउटांची पथकं होती, तीच लिलीची खूण. ही मुलं वाचली, पण युद्धानंतर पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला आणि बहुतेकांचं गाव कायमचं तुटलं.

आणि वॉर्सॉत जे उरले त्यांच्या 'परवा'चं काय झालं? 'झोश्का'मधला यान रोडोविच, टोपणनाव 'आनोडा', उठावात अनेकदा जखमी होऊन वाचला. त्यानं मित्रांची प्रेतं ढिगाऱ्यांतून काढून नीट पुरली आणि मग वॉर्सॉच्या पॉलिटेक्निकमध्ये आर्किटेक्चरला प्रवेश घेतला. शहर नव्यानं बांधायचंच होतं. १९४८च्या नाताळच्या आदल्या दिवशी नव्या कम्युनिस्ट सरकारच्या गुप्त पोलिसांनी त्याला घरातून उचललं. ७ जानेवारी १९४९ला तो कोठडीत असतानाच मेला. खिडकीतून उडी मारली, असं सरकारनं सांगितलं. तो पंचविशीचा होता, आणि त्याचा आर्किटेक्चरचा कोर्स अजून पुरा व्हायचा होता.