खोड कुणाच्या पदरात? छोट्या मोटारीचा आणि तिच्या दोषांचा इतिहास

माकणीला आम्ही याआधी आलो होतो ते धरण बघायला, तेरणेचं अडवलेलं पाणी बघायला. आज बोलायला आलोय. आत येताना कडेला लावलेल्या मोटारी मोजल्या. सवय वाईट आहे, पण जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला मोजण्यासारखं दुसरं मिळतं काय? अकरा छोट्या गाड्या आहेत. त्यांतल्या चार एमएच २५, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या. बाकीच्या एमएच १२, एमएच १४, एक एमएच ०४. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे. आम्ही चौकशी केली. पाहुण्यांची एकही नाही, सगळ्या इथल्याच. शहरात काही वर्षं चालल्या, मग इकडे आल्या.

आजचा विषय त्या सात गाड्यांमध्येच आहे बघा. छोटी मोटार शहरासाठी बनते. गर्दीत वळायला सोपी, लावायला जागा कमी, पेट्रोल कमी. तिचं उत्तरायुष्य मात्र असं गावात जातं, आणि येताना ती एकटी येत नाही, तिचे दोष घेऊन येते. दोष कुणी निर्माण केला, कुणाला ठाऊक होता आणि त्याची किंमत शेवटी कुणी मोजली, असा हा इतिहास आहे.

आपल्याकडे या दोषाला मोटारीच्याही आधीचा शब्द आहे: खोड. बैल घेताना माणूस दात बघतो, खूर बघतो, आणि मग विचारतो, 'खोड काय हाय का?' मारका असेल, कामात बसत असेल. बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतो, तो भाव दिसत नाही. आणि खोड तर त्याहून दिसत नाही. ती औताला जुंपल्यावर कळते. म्हणून जुन्या व्यवहारात बैल आधी चालवून बघायची मुदत असे. ही नुसती रीत नव्हती, हा कायदा होता. याज्ञवल्क्यस्मृतीत विकत घेतलेली वस्तू पारखायला किती दिवस, हे ठरवून दिलंय. बियाण्याला दहा दिवस, दुभत्या जनावराला तीन, रत्नांना सात, ओझं वाहणाऱ्या जनावराला पाच आणि लोखंडाला एक. त्याच यादीत माणसांनाही मुदत दिलेली आहे, कारण माणसंही विकली जात होती. तेही सांगितलं पाहिजे, गाळून पुढं जाता येणार नाही. या स्मृतीवरची प्रसिद्ध टीका मिताक्षरा. ती विज्ञानेश्वरानं लिहिली कल्याणीत, चालुक्यांच्या राजधानीत. म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या उमरग्याच्या शेजारचं. खोडीचा विचार या मातीला नवा नाही.

आता आमच्या धंद्यातला एक प्रश्न. मोटार कशात धरायची? लोखंडात धरली तर एक दिवस, वाहत्या जनावरात धरली तर पाच. हसू नका. पुढं कायद्यालाही हाच प्रश्न पडलेला दिसेल.

मोटारीची गोष्ट सुरू करायला फार लांब जायला नको. वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२ चा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना मुंबईत कुर्ल्याला. आधी अमेरिकी गाड्या जोडल्या, १९५१ पासून इटलीच्या फियाटची छोटी पाचशे आणि १९५४ पासून अकराशे. हीच अकराशे सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. आपल्या माहितीची पहिली छोटी मोटार म्हणजे हीच.

त्या काळात गाडी घेणाऱ्याची अवस्था बघा. परदेशी गाडीची दारं जवळजवळ बंद. देशात बनवणारे मोजून तीन: कलकत्त्याकडची अँबेसेडर, मुंबईची फियाट, मद्रासची स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर लागला की तीच गाडी बाहेर जास्त भावानं विकता यायची. जिथं वापरलेली वस्तू नव्याहून महाग विकली जाते, तिथं खोडीची तक्रार कोण करणार, आणि कुणाकडं? तक्रारी इतक्या साचल्या की साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली. दुसरीकडं इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या डोक्यानं 'मीरा' नावाची छोटी गाडी तयार करून दाखवली, ती कारखान्यापर्यंत पोचलीच नाही. परवान्याच्या राज्यात चांगल्या कल्पनेलाही रांग होती.

मग फियाटची खोड कुणी सांभाळली? मालकानं आणि मिस्त्रीनं. आपल्याकडच्या मे महिन्यात पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडायचं आणि गाडी मध्येच उभी राहायची. मिस्त्री पंपावर ओलं फडकं टाकायचा, पंधरा मिनिटं बिडी ओढायचा आणि गाडी चालू. पॉइंट घासायचे, प्लग साफ करायचे, कार्बोरेटर उघडून फुंकायचा. आम्ही वर्गात न्यायदर्शन शिकवायचो. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथं आग आहे, हे अनुमानाचं ठरलेलं उदाहरण. पोरं जांभया द्यायची. मिस्त्रीकडं मात्र हेच शास्त्र जिवंत होतं. काळा धूर, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळसर, म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा आणि गाडी तापल्यावरही थांबत नाही, म्हणजे पाणी इंजिनात शिरतंय. हा पांढरा धूर लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत यायचंय. मिस्त्री कंडेन्सर बदलायचा. दोष गेला तर कंडेन्सरच, नाही गेला तर जुना परत बसवून पुढचा भाग. अन्वय आणि व्यतिरेक याहून वेगळे काय असतात?

मारुतीचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना ठाऊक आहे. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी दिली गेली, ७९६ सीसीची, जपानच्या सुझुकीच्या तंत्राची. गाडी रोज न कुरकुरता सुरू झाली पाहिजे, असं लोकांना पहिल्यांदा वाटू लागलं. खोड ही नशिबाची गोष्ट उरली नाही, ती कंपनीची चूक ठरू लागली. तीन वर्षांनी, १९८६ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा आला आणि त्यानं दोष या शब्दाची व्याख्याच केली. या दोन गोष्टी एकाच दशकातल्या आहेत, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

आणि मग नॅनो. तिच्यावर आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण ती पुण्याची लेक. टाटांच्या पिंपरीच्या अभियंत्यांनी घडवली, गिरीश वाघ त्यांचे प्रमुख होते. स्कूटरवर पावसात भिजत चाललेलं चौकोनी कुटुंब रतन टाटांनी बघितलं आणि त्यातून कल्पना निघाली, हे आपण ऐकलंय. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत गाडी दाखवली, किंमत सांगितली एक लाख. मग सिंगूरचं आंदोलन, कारखाना गुजरातेत साणंदला गेला. २००९ मध्ये दोन लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली, पहिल्या एक लाखांसाठी सोडत काढावी लागली. १७ जुलै २००९ ला मुंबईत पहिली किल्ली दिली.

इथं दोष आणि काटकसर यांची सीमा बघण्यासारखी आहे. दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं इंजिन मागं. वायपर एकच. चाकाला चारऐवजी तीनच नट. मागची डिकी बाहेरून उघडायचीच नाही, ती उघडायला २०१५ साल उजाडलं. हे दोष आहेत काय? आमचं उत्तर, नाहीत. गाडी घेताना हे दिसत होतं, माणूस बघून घेत होता. दोष निराळा. काही गाड्यांना आग लागली. तेव्हा नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीनं एक्झॉस्ट आणि विजेच्या जोडणीसाठी जादा संरक्षण फुकट बसवून द्यायचं जाहीर केलं. त्याला 'रिकॉल' म्हणायचं नाही, एवढं मात्र आवर्जून सांगितलं. गाडीत मुळात खोट नाही, हे वरचं कवच आहे, अशी ती भूमिका. आम्ही कंपनीवर आरोप करत नाही. तेव्हा देशात गाडी परत बोलावण्याचा नियमच नव्हता. मोटार उत्पादकांच्या संघटनेनं स्वेच्छेची संहिता केली ती २०१२ मध्ये. पण शब्दाकडं लक्ष द्या. जो दोषाला नाव देतो तोच त्याचा धनी ठरतो, म्हणून नाव द्यायला कुणी तयार नसतं. नॅनोला मारलं ते मात्र दुसऱ्याच एका नावानं: सर्वांत स्वस्त गाडी. ती ओळख चुकली, असं पुढं खुद्द टाटांनीही मान्य केलं. दारात 'स्वस्त' उभी करायला कुणाला आवडेल? २०१८ पर्यंत उत्पादन जवळजवळ थांबलं.

सक्तीचा नियम यायला १ एप्रिल २०२१ उजाडावं लागलं. आता ठरावीक प्रमाणाबाहेर तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकतं, न ऐकल्यास दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. चांगली गोष्ट आहे. पण तो लागू कुणाला? सात वर्षांच्या आतल्या गाडीला. याज्ञवल्क्याचे पाच दिवस, यांची सात वर्षं. मुदत वाढली, हिशेब तोच. आणि कंपनीचं पत्र जाणार कुठं? नोंदीत ज्याचं नाव त्याच्या पत्त्यावर. बाहेरच्या त्या सात गाड्यांपैकी किती मालकांनी कागद आपल्या नावावर करून घेतलेत? हात वर करायला सांगत नाही. कायदा म्हणतो, घेणाऱ्यानं तीस दिवसांत कळवावं. आपण म्हणतो, बघू, पुढच्या महिन्यात. पत्र कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटमध्ये पडून राहतं आणि खोड इथं तेरणेच्या काठी धावते.

आता पांढरा धूर.

१९९१ मध्ये आम्ही एक छोटी गाडी घेतली होती. कोणती ते सांगत नाही. सात-आठ वर्षं चांगली चालली, मग उन्हाळ्यात तापायला लागली. अर्धा तास चालली की काटा वर आणि मागं पांढरा धूर. मिस्त्री म्हणाला, 'सर, हेड गॅस्केट गेलंय, हेडही वाकलं असंल. खर्च मोठा हाय. रेडिएटरला पावडर टाकून देतो, थंडीत इकून टाका.' आम्ही थांबलो. डिसेंबरात एक तरुण आला, याच भागातला. आई आजारी होती, दवाखान्याच्या खेपा होत्या. त्यानं विचारलं, 'सर, काही खोड नाही ना?'

आम्ही म्हणालो, 'तुम्हीच चालवून बघा की.'

त्यानं गाडी चालवली. दहा-बारा मिनिटं, सकाळच्या गारठ्यात. काटा हलला नाही. पैसे मोजले, आम्ही फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या.

खोटं आम्ही बोललो नव्हतो. त्याच वर्षी आम्ही एम.ए.च्या वर्गाला सिसेरोचा कर्तव्यावरचा ग्रंथ शिकवत होतो. त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्याचं उदाहरण आहे. घराचे दोष त्याला ठाऊक आहेत, घेणाऱ्याला नाहीत. बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे, घेणाऱ्याला डोळे आहेत. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखंच हे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूनं आहे आणि आम्हीही वर्गात त्याच बाजूनं बोलायचो, अगदी आवाज चढवून. डिसेंबरात आम्ही डायोजेनीस झालो. गाडी विकून आलेल्या पैशांत मुलीच्या वसतिगृहाचं वर्षाचं भागलं. हे कारण म्हणून सांगत नाही, झालं ते सांगतो.

उन्हाळ्यात तो येईल, भांडेल, असं वाटत होतं. आला नाही. पत्ता आमच्याकडं होता, गाव माकणीजवळचंच. आम्हीही गेलो नाही. दोन-अडीच वर्षांनी घरी पोलिसांची नोटीस आली. गाडी सोलापुरात चुकीच्या जागी उभी होती, दंड भरा. कागद त्यानं नावावर केलेच नव्हते. ती नोटीस वाचून मुलगी चिडली आणि आम्हाला बरं वाटलं. गाडी चालू होती. म्हणजे त्यानं हेडचं काम करून घेतलं असणार, आमच्या वाटणीचं, त्याच्या पैशानं. दंड आम्ही भरला. शंभर रुपये होते.

गाडी पांढरी होती. मागच्या काचेवर आमच्या कॉलेजचं गोल स्टिकर होतं, ते निघता निघत नसे. कुणाला आठवत असेल, तो माणूस ठाऊक असेल, तर कार्यक्रम संपल्यावर भेटा. आम्ही रात्रीच्या गाडीपर्यंत इथंच आहोत.