मराठी बायबलांतील शब्दांची कुळकथा

ज्या मराठी घरांतून बायबल रोज वाचलें जातें, तेथें कांहीं प्रश्न हटकून निघतात. इंग्रजींत एकाचें नांव 'जेम्स' व दुसऱ्याचें 'जेकब', मग मराठींत दोघेहि 'याकोब' कसे? 'बाप्तिस्मा' हा शब्द कोणत्या भाषेंतला? 'करार' म्हणजे देण्याघेण्याच्या व्यवहारांत लिहितात तो. देवाच्या ग्रंथास तें नांव कोठून आलें? आणि येशूस आपण प्रभु म्हणतों, तर ग्रंथांत त्याच्याविषयीं 'तो म्हणाला' असें एकेरी कां? आमच्या खामगांवांत हे प्रश्न आम्हीं पुष्कळदां ऐकले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या अलायन्स मिशननें वऱ्हाडांत जीं ठाणीं उघडलीं, त्यांपैकीं खामगांव हें एक. त्यामुळें येथील ख्रिस्ती कुटुंबांना हा ग्रंथ कित्येक पिढ्यांचा परिचित आहे. परंतु प्रश्न पडला कीं तरुण मंडळी इंग्रजी बायबल उघडतात. इंग्रजी तें मूळ आणि मराठी ती नक्कल, अशी समजूत त्यांच्या मनांत घर करून बसलेली असते. ख्रिस्तीतर सुशिक्षितांची समजूत याहून निराळी, पण तितकीच चुकीची आहे. बायबलाची मराठी म्हणजे पाद्र्यांची मोडकीतोडकी मराठी, असें म्हणून ते तिच्याकडे पाठ फिरवतात. या दोन्ही समजुतींमुळें मराठी भाषेच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण न वाचतांच राहून जातें.

प्रथम याकोबाचाच प्रश्न घेऊं. जुन्या करारांतील इसहाकाच्या मुलाचें हिब्रू नांव 'याकोव'. येशूच्या बारा शिष्यांपैकीं दोघांचें नांवहि तेंच होतें, आणि ग्रीक नव्या करारांत तें तसेंच उतरलें आहे. पुढें लॅटिनमधून फ्रेंचमध्यें व फ्रेंचमधून इंग्रजींत येतांना या नांवाचा अपभ्रंश होत होत 'जेम्स' झाला, आणि आजोबा व नातू यांचें नांव एकच आहे ही गोष्ट इंग्रज वाचकाच्या दृष्टीआड झाली. मराठींत ती स्पष्ट दिसते. तसेंच येशू आणि यहोशवा. मूळ हिब्रू नांव एकच. ग्रीकमध्यें दोघांनाहि 'येसूस' असेंच म्हटलें आहे. १६११ सालच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत दोन ठिकाणीं यहोशवाच्या जागीं 'जीझस' छापलें गेलें, आणि वाचक बुचकळ्यांत पडले. मराठींत 'येशू' व 'यहोशवा' हीं नांवें शेजारीं ठेवलीं तर त्यांतील नातें कानालाहि कळतें. सारांश, ज्या ठिकाणीं मराठी इंग्रजीपासून दूर गेलेली दिसते, त्या कित्येक ठिकाणीं ती मुळाच्या अधिक जवळ असते.

आतां ही मराठी घडली कशी तें पाहूं. ख्रिस्ती धर्माची कथा मराठींत प्रथम विस्तारानें सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनीं. हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. तें भाषांतर नव्हे, पुराणाच्या घाटाची स्वतंत्र रचना आहे. स्टीफन्सनीं स्वर्गास बेधडक 'वैकुंठ' म्हटलें. ऐकणारे नुकतेच पुराणकथांच्या जगांतून आलेले, त्यांना तोच शब्द ओळखीचा होता.

दोनशें वर्षांनंतर प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं हें काम नव्यानें हातीं घेतलें, तेव्हां वारे निराळे होते. बंगालमधील श्रीरामपुरास विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठी व्याकरण, १८१० सालीं मोडी टाइपांत मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ सालीं नवा करार छापला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांतील वैजनाथ पंडित या कामीं त्यांच्या हाताशीं होते. पण महाराष्ट्रापासून इतक्या दूर तयार झालेली ही मराठी येथें रुजली नाहीं. १८१३ सालीं मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं प्रारंभापासून नवें भाषांतर केलें. त्यांचा नवा करार १८२६ सालीं छापून निघाला, आणि त्याच वर्षीं त्यांच्यांतील अग्रणी गॉर्डन हॉल वारले. संपूर्ण बायबल मराठींत एकत्र निघालें तें १८४७ सालीं. पुढील दुरुस्त्यांच्या काळांत 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी यांच्यासारखे मराठीच मातृभाषा असलेले लेखक या कामांत आले.

या सर्वांपुढें पेंच एकच होता. नवी कल्पना आली कीं तिच्यासाठीं परका शब्द जसाच्या तसा ठेवावा, शास्त्रांतला संस्कृत शब्द घ्यावा, कीं लोकांच्या तोंडचा शब्द उचलावा? तिन्ही वाटा चोखाळल्या गेल्या, आणि प्रत्येकीचें मोल द्यावें लागलें.

परका शब्द ठेवल्याचें ठळक उदाहरण म्हणजे 'बाप्तिस्मा'. हा ग्रीक शब्द, धात्वर्थ बुडविणें. मग सरळ भाषांतर कां केलें नाहीं? कारण पाण्यांत पूर्ण बुडवावें कीं डोक्यावर पाणी शिंपडलें तरी चालेल, यावर ख्रिस्ती पंथांतच वाद आहे. बंगालींत बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनीं 'बुडविणें' या अर्थाचा शब्द घातला, तेव्हां लंडनच्या बायबल सोसायटीनें त्या आवृत्तीस पैसा देण्याचें नाकारलें, आणि १८४० सालीं बॅप्टिस्टांनीं आपली वेगळी भाषांतर संस्था काढली. एका शब्दापायीं संस्था फुटल्या! ग्रीक शब्द तसाच ठेवला कीं कोणत्याच पंथाची बाजू घेतल्यासारखें होत नाहीं. मात्र त्याबरोबर, खेड्यांतील श्रोत्यास त्या शब्दाचा अर्थ कोणीतरी समजावून द्यावा लागतो.

दुसऱ्या वाटेचें उदाहरण 'आत्मा'. हिब्रूंतील 'रूआह' आणि ग्रीकमधील 'न्यूमा' या दोन्ही शब्दांचा अर्थ वारा, श्वास आणि चैतन्य असा तिहेरी आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत येशू निकदेमाशीं बोलतांना याच तिहेरी अर्थावर सारा मुद्दा उभारतो. मराठींत 'वारा' निराळा आणि 'आत्मा' निराळा, म्हणून ती खुबी हरवते. शिवाय 'आत्मा' म्हटलें कीं आपल्या मनांत उपनिषदांतला, न जन्मणारा व न मरणारा आत्मा उभा राहतो. हिब्रू संदेष्ट्यांच्या मनांत तें कांहीं नव्हतें. उलट 'मोक्ष' हा शब्द मुख्य भाषांतरकारांनीं मागें ठेवला, कारण त्यांत जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटका अभिप्रेत आहे. त्यांनीं 'तारण' घेतला. गंमत अशी कीं 'तारण' या शब्दाला आमच्या बाजारांत दुसराच अर्थ आहे. सावकाराकडे दागिना ठेवतात, किंवा गोदामांतल्या मालावर पैसा उचलतात, तेंहि तारणच. पण त्यामुळें वाचणाऱ्याचा घोटाळा झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

खरा जोम दिसतो तो तिसऱ्या वाटेवर. इजिप्तमधील गुलामगिरीच्या अखेरच्या रात्रीं मृत्यूचा दूत इस्राएलांचीं घरें ओलांडून पुढें गेला, त्या सणाचें हिब्रू नांव 'पेसाह'. इंग्रज भाषांतरकार टिंडेल यानें त्यासाठीं सोळाव्या शतकांत 'पासओव्हर' हा शब्द बनविला. मराठी भाषांतरकारांनीं वल्हांडणें, म्हणजे ओलांडणें, या अस्सल देशी क्रियापदावरून 'वल्हांडण' केला. दोघांचीहि युक्ति एकच, आणि मराठी शब्द इंग्रजीहून रतिभरहि कमी नाहीं.

'करार' हा शब्द अरबी. फारशीवाटे आपल्या दफ्तरांत आला. इंग्रजींत 'टेस्टामेंट' म्हटलें कीं मृत्युपत्राची आठवण होते, कारण ग्रीक शब्दांत मृत्युपत्र आणि करार हे दोन्ही अर्थ होते. मुळांतला हिब्रू शब्द 'बरीथ' मात्र दोन पक्षांनीं शपथपूर्वक केलेल्या बंधनाचाच आहे. हिंदीनें 'नियम' घेतला, मराठीनें 'करार'; आमच्या मतें मराठीचा नेम अधिक अचूक बसला. देवानें माणसाला दिलेला शब्द आणि माणसानें पाळावयाची अट, दोन्ही त्यांत आलीं. त्यांत एवढेंच उणें कीं आपल्याकडे करार करणारे दोघे बरोबरीचे असतात.

याच दफ्तरी कुळांतला शब्द 'जकातदार'. रोमन साम्राज्यांत करवसुलीचा मक्ता दिला जाई, आणि मक्तेदार वर मिळेल तें आपल्या पदरांत टाकी. म्हणून लोक त्याचा तिटकारा करीत. वऱ्हाडानें निजाम आणि नागपुरकर भोसले यांची दुअंमली सोसली आहे. इजारे, नाके आणि वसुली हीं येथें कोणास शिकवावीं लागत नव्हतीं. पुढें १८७० सालीं जलंबहून खामगांवापर्यंत आगगाडीचा फांटा आला तोहि कापसाच्या बाजारासाठींच. अशा व्यापारी गांवांतील श्रोत्यानें, येशू जकातदाराच्या पंक्तीस जेवला, हें ऐकलें कीं शेजारच्यांनीं नाकें कां मुरडलीं तें त्यास क्षणांत कळे. 'खंडणी'हि तशीच. बंदिवानाच्या सुटकेसाठीं मोजावयाचें द्रव्य, हा ग्रीक शब्दाचा अर्थ. पेंढारी आणि फौजा पाहिलेल्या मुलखाला तो पुरता ठाऊक होता.

आणि 'भाकर'! येशूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत रोजच्या अन्नाचें मागणें आहे. तेथें 'रोजची' या अर्थानें आलेला ग्रीक शब्द इतका दुर्मिळ आहे कीं त्याचा अर्थ आजचें, उद्यांचें कीं आवश्यक तेवढें, यावर पंडितांचें अजून एकमत नाहीं. परंतु ज्यानें अन्नासाठीं 'भाकर' हा शब्द निवडला, त्यानें ज्वारीच्या मुलखाची नाडी बरोबर ओळखली. पॅलेस्टाइनमधील ती गव्हाची किंवा जवाची असेल. आमच्याकडे तिच्यावर ज्वारीचें पीठ लागलें, आणि मागणाऱ्याची भूक तीच राहिली.

राहिला एकेरीचा प्रश्न. इंग्रजींत देव एक कीं अनेक हें मोठ्या-लहान अक्षरांनीं दाखवितां येतें. आपल्या लिपींत ती सोय नाहीं. शिवाय 'देव' या शब्दाचें एकवचन व अनेकवचन एकच. 'देव बोलला' म्हटलें तर एक, 'देव बोलले' म्हटलें तर आदरार्थी एक किंवा अनेक. एकेश्वरी ग्रंथाला हा संशय परवडणारा नव्हता. येशूचें एकेरी त्याच ओघांत आलें असावें असें आम्हांस वाटतें. शिवाय मराठी भक्तीला तें परकेंहि नाहीं. वारकरी विठोबाला 'तूं' म्हणतो, आणि आईलाहि आपण 'तूं'च म्हणतों. तुकारामाच्या अभंगवाणींतून ख्रिस्ताकडे वळलेले कवि नारायण वामन टिळक यांना या एकेरींतली जवळीक सांगावी लागली नसती.

इतकें असूनहि रूढ भाषांतर सामान्य बायकांना समजत नाहीं, ही रुखरुख पंडिता रमाबाईंना लागली. केडगांवच्या मुक्ति सदनांत दुष्काळानें व वैधव्यानें पोळलेल्या स्त्रिया होत्या. त्यांपैकीं पुष्कळींना अक्षरओळख तेथेंच झाली. संस्कृतांत पारंगत असलेल्या या विदुषीनें उतारवयांत हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला, आणि संपूर्ण बायबल मुळावरून साध्या मराठींत एकटीनें उतरविलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या, तत्पूर्वीं हें काम हातावेगळें झालें होतें. १९२४ सालीं तें ग्रंथरूपानें आलें. सदनाच्या छापखान्यांत त्याचे खिळे जुळविले तेहि स्त्रियांनींच. ज्या भाषेंत स्त्रीनें पोथीला हात लावूं नये असें सांगितलें जात होतें, त्या भाषेंत एक सबंध धर्मग्रंथ स्त्रीनें भाषांतरिला आणि स्त्रियांनीं छापला, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासांत दोनचार ओळींत उरकली जाते. हा अन्याय केवळ ख्रिस्ती समाजावर होत नाहीं, मराठीवरहि होतो.

शब्दांनाहि म्हातारपण येतें. २०१७ सालीं मुंबईंतली जकातहि बंद झाली. आजच्या मुलाला 'जकातदार' कोण हें सांगावें लागतें. 'खंडणी' म्हटलें कीं त्याला वर्तमानपत्रांतले गुंड आठवतात. म्हणून नवीं भाषांतरें होणें अवश्य आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें 'सुबोध बायबल' २०१० सालीं निघालें, आणि २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद याच भाषांतरकारानें भूषविलें, हें सुचिन्ह होय. मात्र घरोघरचीं वडील माणसें जुनें भाषांतर सोडावयास तयार नसतात, आणि त्यांचेंहि चूक नाहीं. जें बाळपणीं पाठ केलें आणि आप्तांच्या मृत्युशय्येशीं म्हटलें, त्याचा शब्द बदलला तर त्यांना तें आपलें वाटत नाहीं. नवें भाषांतर समजण्यासाठीं वाचावें, जुनें आठवणींत असूं द्यावें. दोहोंना एका घरांत जागा आहे.

तेव्हां पुढच्या वेळीं एखादा शब्द अडला तर तरुणांनीं प्रथम आपलें मराठी पुस्तकच नीट उघडावें, मग मोल्सवर्थचा कोश पाहावा, आणि त्यानंतर हवें तर इंग्रजी. अनेकदां उत्तर पहिल्याच पुस्तकांत सांपडेल.