सत्ताविभाजन : पुसेगाव परिसरातील स्वरूप

शासनाच्या विधायक, कार्यकारी व न्यायदानविषयक सत्ता भिन्न संस्थांकडे सोपवून प्रत्येकीस दुसरीचा अंकुश लावणारे तत्त्व. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावाचा मुलूख हैदराबाद संस्थानाच्या निजामी अमलात, परभणी जिल्ह्याचा भाग असताना, महसूल वसूल करणाऱ्या अंमलदारानेच फौजदारी निवाडाही करावा, अशी जी वहिवाट होती, ती मोडण्यासाठी निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९२१ साली न्यायखाते महसुली कारभारापासून विभक्त केले. ज्या फारकतीसाठी काँग्रेस १८८६ पासून ठराव करीत होती, ती शेजारच्या मुंबई राज्यात कायद्याने येण्यास १९५१ साल उजाडावे लागले, हे ध्यानी घेता हैदराबादच्या या सुधारणेची उपेक्षा होणे अन्यायाचे ठरेल. तथापि कायदा, हुकूम व अखेरची दाद ही तिन्ही निजामाच्याच ठायी एकवटलेली असल्याने, जिल्ह्याच्या कचेरीत झालेली फारकत सिंहासनापाशी येऊन थांबे.

सिंहासनावरील अंकुश १९५० च्या संविधानाने आला. त्याच्या ५० व्या अनुच्छेदाने न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून पृथक् करण्याचा निदेश राज्यास दिला, आणि १९७४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायिक दंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली आणले. तहसीलदाराकडे कार्यकारी दंडाधिकारी या नात्याने शांतता राखण्याचे प्रतिबंधक अधिकार मात्र राहिले. त्याच्या किंवा जिल्हाधिकाऱ्याच्या हुकुमाने अन्याय झाल्यास गावकऱ्यास २२६ व्या अनुच्छेदान्वये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागता येते.