ग्रह कशाचे? तराजूपासून तर्कापर्यंत

बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ खडकांचे. गुरू व शनी वायूंचे. युरेनस व नेपच्यून बर्फाचे, अशी ग्रहांची वाटणी आपण निःशंकपणे वाचतो. मात्र यातील बहुतेक गोळ्यांचा कणही हाती नसताना त्यांचे द्रव्य कसे ओळखले, याचा इतिहास आम्हांस त्या वाटणीहून अधिक उद्बोधक वाटतो.

या इतिहासाचा आरंभ वजनापासून होतो. उपग्रहांच्या भ्रमणकाळावरून न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त (१६८७) गुरू व शनी पृथ्वीपेक्षा विरळ असल्याचे दाखवले. पण ही केवळ तुलना होती. पृथ्वीचीच घनता ठाऊक नव्हती. १७७४ मध्ये मॅस्केलिनने स्कॉटलंडमधील शिहॅलियन पर्वताकडे ओळंबा किती झुकतो हे मोजले. त्यावरून हटनने काढलेली घनता पाण्याच्या सुमारे साडेचार पट होती. १७९८ मध्ये कॅव्हेंडिशने शिशाच्या गोळ्यांचे आकर्षण मोजून ती ५.४८ पट ठरवली. आजचा आकडा ५.५१ आहे. पायाखालचे खडक मात्र पाण्याच्या पावणेतीन पटच जड. तेव्हा पृथ्वीच्या पोटात लोखंडासारखे जड द्रव्य असणार, हे ओघानेच आले. याच मापाने शनी मात्र पाण्याहूनही हलका, ०.६९ घनतेचा ठरतो. असा गोळा खडकांचा असूच शकत नाही.

पुढची साक्ष प्रकाशाने दिली. गुरूच्या वर्णपटातील काळे पट्टे दीर्घकाळ कोडे होते. ते मिथेन व अमोनियाचे आहेत, हे १९३२ मध्ये रूपर्ट विल्टने ओळखले. पण प्रकाश वरचे ढगच दाखवतो. १९९५ मध्ये गॅलिलिओ यानाची कुपी गुरूच्या वातावरणात शिरली, ती तासाभरात निकामी झाली. गुरूच्या गाभ्यात जड द्रव्याचा घट्ट गोळा असावा, असा समज होता. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाने गुरुत्वाकर्षण मोजले, तेव्हा ते द्रव्य दूरवर विरघळलेले असावे असे दिसले.

युरेनस (१.२७) व नेपच्यून (१.६४) यांची कथा याहून अपुरी आहे. त्यांच्याजवळून आजवर एकच यान गेले: व्हॉयेजर २, अनुक्रमे १९८६ व १९८९ मध्ये. तेथील 'बर्फ' म्हणजे पाणी, अमोनिया व मिथेन यांचे तप्त, दाबलेले द्रव. शिवाय खडक आणि हायड्रोजन यांच्या योग्य मिश्रणानेही तीच घनता साधते! एका आकड्याची अनेक उत्तरे संभवतात.

म्हणून ही वाटणी वाचताना मोजलेले कोणते आणि अनुमानलेले कोणते, हा विवेक आपण राखावा. घनता मोजलेली आहे. 'बर्फ' हे अद्याप अनुमान आहे.