टी-बॅगेचा सदरा

पावसाळ्याआधी एका शनिवारी बाल्कनीतली कंपोस्टची बादली उपसत होतो. कांद्याची सालं, केळीची सालं, सगळ्याची मस्त काळी माती झालेली. आणि त्या मातीत पंधरा-वीस पांढुरक्या पिशव्या, जशाच्या तशा! आतल्या चहाची माती झाली, पिशवी मात्र शाबूत. आई म्हणाली, "आमचा चोथा गाळण्यातून थेट गुलाबाच्या कुंडीत जायचा. त्याला सदरा घालायची गरज कधी पडली नाही बाबा."

म्हटलं, हा सदरा चढवला तरी कोणी, ते बघूच.

सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट अशी: १९०८ साली न्यूयॉर्कच्या थॉमस सलिव्हन नावाच्या व्यापाऱ्याने चहाचे नमुने छोट्या रेशमी पिशव्यांतून पाठवले. गिऱ्हाइकांना वाटलं, पिशवीसकटच बुडवायचं असतं. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट आवडणारच. यूजरने भलतंच काहीतरी केलं आणि तेच फीचर झालं!

पण पेटंटचे कागद वेगळं सांगतात. मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लारेन या दोघींनी १९०१ मध्येच 'टी-लीफ होल्डर'साठी अर्ज केला होता, १९०३ मध्ये पेटंट मिळालंही. विरळ विणीच्या सुती कापडाची शिवलेली पिशवी. त्यांचं म्हणणं अगदी गृहिणीचं होतं: एका कपासाठी अख्खी किटली का करायची? उरलेला चहा शिळा होतो, वाया जातो. म्हणजे वाया जाऊ नये म्हणून काढलेली युक्ती ही, आणि मी बादलीतून उपसतोय काय, तर तिचाच कचरा. असो.

सुती पिशवी टिकली असती तर माझ्या बादलीत ही वेळ आली नसती. पण कापड महाग, शिलाईला वेळ. मग कागद आला. तो बंद करायचा कसा, हीच खरी मेख. गोंद लावला तर चहाला गोंदाची चव. जर्मनीतल्या टीकाने कंपनीच्या आडोल्फ राम्बोल्डने १९४९ मध्ये यावर देखणा तोडगा काढला. कागदाची नळी करायची, दुमडून दोन कप्पे पाडायचे आणि वर एक बारीकशी पिन मारायची. गोंद नाही, शिलाई नाही. इंजिनिअर म्हणून मी या माणसाला सलाम करतो.

दुसरा रस्ता उष्णतेने चिकटवण्याचा. नुसता कागद असा चिकटत नाही, म्हणून पुढे कागदात पॉलिप्रॉपिलीनचे धागे मिसळू लागले. म्हणजे सरळ प्लास्टिक. कागद कुजतो, ती जाळी राहते. बादलीतलं कोडं सुटलं!

ब्रिटनमध्ये टेटलीने १९५३ मध्ये टी-बॅग आणली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे तिचा वाटा ३ टक्क्यांहून कमी होता, २००७ पर्यंत ९६ टक्के. (ही टेटली २००० साली टाटा टीने विकत घेतली, म्हणजे आता आपण अगदीच त्रयस्थ नाही.)

२०१९ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने प्लास्टिकच्या पिशव्या ९५ अंशांच्या पाण्यात बुडवून पाहिल्या आणि एका पिशवीतून अब्जावधी सूक्ष्म कण सुटतात असं मांडलं. आकडा फुगलेला आहे, असं म्हणणारे शास्त्रज्ञही आहेत. आता काही कंपन्या मक्यासारख्या वनस्पतींपासून केलेलं पीएलए वापरतात. त्यावर 'कंपोस्टेबल' असं लिहिलेलं असतं खरं, पण त्याला कारखान्यातल्या कंपोस्टची साठेक अंशांची ऊब लागते. माझी बादली बिचारी बाल्कनीच्या सावलीत.

ऑफिसात टी-बॅगच मिळते, त्याला इलाज नाही. घरी उरलेला डबा संपेपर्यंत मी कात्रीने पिशवी फाडतो, चोथा कुंडीत, कागदी लेबल रद्दीत, पिशवी सुक्या कचऱ्यात. पिन असलीच तर ती वेगळी. एका कपामागे एवढा उद्योग. आई गाळणं आपटता आपटता बघत असते.