रेंज आहे, पोच नाही

आमच्याकडे सातपुड्यात रेंज फोनला नसते, जागेला असते. अमुक टेकाडावर येते, तमुक झाडाखाली येते, घरात येत नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं हे गणित त्यानंतरही बरीच वर्षं फारसं बदललं नाही. नातेवाईक मंडळी मला नेहमी विचारतात, "अरे, दोन काड्या दिसतात, ऍप 'ऑनलाइन' म्हणतंय, मग फॉर्म जात का नाही?" असल्या ऍपांवरच माझं पोट चालत असल्यामुळे उत्तर देणं भाग आहे. आणि उत्तर थोडं इतिहासाचं आहे.

ही बरीचशी ऍपं आतून वेबपानंच असतात, न्याहाळकात चालणारी. (न्याहाळक म्हणजे ब्राउझर. शब्द छान होता, रुळला नाही. असो.) नेट आहे का, हे ब्राउझरला विचारायची सोय आहे: 'नॅव्हिगेटर.ऑनलाइन'. उत्तर 'हो' किंवा 'नाही', तिसरं काही नाही.

या सोयीचा जन्म डायल-अपच्या काळातला. आठवतंय ना, मोडेमचा तो किंचाळण्याचा आवाज आणि मिनिटामिनिटाला वाढणारं फोनचं बिल? लोक पान उघडायचे, लाइन तोडायचे आणि मग निवांत वाचायचे. त्यासाठी ब्राउझरच्या मेनूत 'वर्क ऑफलाइन' असायचं. तिथे खूण केली की उत्तर 'नाही', नाहीतर 'हो'. म्हणजे ब्राउझर तुमचीच मर्जी तुम्हाला परत सांगायचा! फायरफॉक्समध्ये तर २०१५ साली ४१ वी आवृत्ती येईपर्यंत जवळजवळ हेच चालू होतं. क्रोमने वेगळा अर्थ धरला: कुठल्याही नेटवर्कला जोडलेलो आहोत ना, मग 'हो'. त्या नेटवर्कच्या पलीकडे इंटरनेट आहे की नाही, याची चौकशी नाही. एचटीएमएल ५ ला २८ ऑक्टोबर २०१४ रोजी अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला. त्या नियमावलीतच लिहिलंय की हे उत्तर मुळातच भरवशाचं नाही. नियम करणाऱ्यांनी नियमातच दिलेली ही कबुली मला फार आवडते.

जुन्या लँडलाइनवाल्यांना हे पटकन कळेल. रिसीव्हर उचलल्यावर येणारा डायलटोन आपल्याच गावच्या एक्स्चेंजमधून यायचा. तो आला म्हणजे मुंबईची लाइन लागेलच, असं कुणी समजत नसे. ब्राउझरचं 'हो' हा तसाच डायलटोन आहे. 'नाही' म्हणाला तर बहुधा खरं. 'हो'चं काही सांगता येत नाही.

मग पळवाटा निघाल्या. २००८ मध्ये फोनगॅप आलं. त्यामुळे वेबपानाला ऍपचा अंगरखा चढवून थेट फोनलाच विचारता येऊ लागलं, की वायफाय आहे, टूजी आहे की थ्रीजी? उपयोगी होतं, पण रस्ता कुठला एवढंच कळायचं. तो पुढे खचलाय का, ते नाही. अँड्रॉइडची युक्ती जास्त चतुर. फोन स्वतःच गूगलच्या एका पत्त्याला हाक मारतो आणि मुद्दाम रिकामं उत्तर मागतो. रिकामं आलं तर नेट खरं. स्टेशनवरच्या फुकट वायफायचं लॉगिन पान मध्येच आलं, तर ते रिकामं नसतं. चोरी पकडली!

ऍपवाल्यांनी मग हेच आपापल्या सर्व्हरशी सुरू केलं. छोटी हाक मारायची. पत्त्याला दर वेळी नवा आकडा चिकटवायचा, म्हणजे ब्राउझर साठवलेलं जुनं उत्तर पुढे करत नाही. चार-पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर नाद सोडायचा. आणि आलेलं उत्तर आपलंच आहे ना, ते तपासायचं. पण हेही त्या क्षणापुरतंच. जीप घाटात वळली की संपलं.

माझ्या मते खरा शहाणपणा पुढच्या पायरीला आला: विचारणंच कमी करायचं. नोंद आधी फोनमध्येच लिहायची, मग पाठवायची, आणि सर्व्हरकडून पोच येईपर्यंत पुसायची नाही. यातही एक मेख आहे. नोंद पोचली पण परतीची पोच वाटेत हरवली, तर? फोन बिचारा तीच नोंद पुन्हा पाठवणार आणि एका बाळाची दोन बाळं होणार. म्हणून प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतःचा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हरने नवी नोंद न करता फक्त पोच द्यायची. व्हॉट्सऍपमध्ये संदेशाशेजारी आधी घड्याळ, मग एक टिक, मग दोन टिका दिसतात, त्यामागे हीच पोचेची रीत आहे.

आमच्या जिल्ह्यात या गोष्टी नुसत्या तांत्रिक राहत नाहीत. चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे २०२० च्या कोविड काळात नर्मदेतून होडी वल्हवत पाड्यांवर जायच्या, बाळांची वजनं बघायच्या. असं घेतलेलं वजन 'ऑनलाइन'च्या हिरव्या ठिपक्यावर विसंबून हरवलं, तर ते पुन्हा घ्यायला परत होडीच काढावी लागणार. २०१८ च्या पोषण अभियानातलं अंगणवाडीचं पहिलं ऍप कॉमकेअरवर बांधलेलं होतं. त्यात नेटशिवाय भरून मागाहून पाठवायची सोय पायातच होती. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर दिवसातून दोनदा फोटोसकट मोबाइल हजेरी सक्तीची झाली. तिथे हजेरी चढली नाही की मजुराची दिवसाची मजुरी अडकते.

त्यामुळे बटण दाबताक्षणी 'पाठवलं' म्हणणारं ऍप मला लबाड वाटतं. 'फोनमध्ये ठेवलं, ४ नोंदी जायच्या बाकी' असं सांगणारं बरं. त्या चार नोंदी घेऊन माणूस टेकाडावर तरी जातो.