‘बरं वाटतंय’, पण किती?

आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या पेशंटला डॉक्टर विचारतात, “आता कसं वाटतंय?” पेशंट म्हणतो, “बरं आहे.” हे ‘बरं’ मोजायचं कसं? आजचा विषय एवढाच आहे.

सप्टेंबर १९४८. अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं. काही दिवसांत ती चालू लागली! पेशंटच्या आधीच्या आणि नंतरच्या हालचालींची फिल्मच दाखवली गेली. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. आता बघा, इथे मोजमाप काय होतं? डोळ्यांना दिसलं ते.

पुढे ब्रिटनमध्ये कॉर्टिसोन आणि साधी ॲस्पिरिन यांची रीतसर तुलना झाली. १९५४ साली निष्कर्ष आले: वर्षअखेर दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. आणि कॉर्टिसोन दीर्घकाळ घेणाऱ्यांचे चेहरे सुजत होते, हाडं ठिसूळ होत होती. फिल्ममध्ये हे कुठून दिसणार?

मग मोजायला सुरुवात झाली, पण ज्याची त्याची पट्टी वेगळी. कुणी बोटांचा घेर मोजी, कुणी ५० फूट चालायला लागणारा वेळ, तर कुणी रक्तदाबाच्या यंत्राची हवेची पिशवी आवळायला लावून मुठीची ताकद. मग दोन औषधांची तुलना करायची कशी? १९९२ साली नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला तज्ज्ञ एकत्र बसले. १९९५ साली ‘एसीआर २०’ ही व्याख्या आली. दुखरे सांधे २० टक्क्यांनी कमी, सुजलेले सांधेही तितकेच कमी, आणि शिवाय पाचपैकी तीन गोष्टींत तेवढीच सुधारणा: वेदना, रोजची कामं, पेशंटचं मत, डॉक्टरचं मत, रक्तातली सूज दाखवणारी तपासणी. म्हणजे पेशंटच्या शब्दालाही हिशेबात जागा मिळाली.

तरी काही निसटतंच. त्याच वर्षी आलेल्या ‘डीएएस २८’ मध्ये २८ सांधे मोजतात, पण पावलं त्यात नाहीत. ज्याची पावलंच ठणकतायत त्याचा आकडा चांगला येऊ शकतो! थकव्याचंही तसंच. २००२ साली अशा परिषदेत पेशंटनाच बोलावलं, तेव्हा ते म्हणाले, थकव्याचं काय?

आणि आपल्याकडची गोष्ट. रोजची कामं जमतात का, हे विचारणारी प्रश्नावली १९८० साली स्टॅनफर्डहून आली. तिथे बाथटबमध्ये उतरण्याचा प्रश्न. आपल्याकडे टब किती घरांत? म्हणून भारतीय आवृत्तीत मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं आलं. जेवायला पंगतीत बसता येत नाही, हे दुःख टबच्या प्रश्नात कसं मावणार?

तेव्हा मंडळी, आकडा हवाच. तो नसता तर कॉर्टिसोनची फिल्म बघून आपण टाळ्याच वाजवत बसलो असतो. फक्त प्रश्न कुणाला विचारून ठरवलेत, हेही प्रत्येक वेळी बघायचं.